दुरुस्तीरेषा

वजन विचारलं तेव्हा तातो गोरामोरा झाला.
बापाला कधी कुणी वजन विचारतं का, दार्का?
म्हटलं, उडायचं तर विचारावंच लागतं.
ऐंशी, म्हणाला. मग बुटांकडे बघून, ब्याण्णव.
मी ब्याण्णव लिहिलं, त्यात जॅकेटचे दोन,
आणि खिशातल्या पान्याचा अर्धा.
पाना तो विसरत नाही. आईच्या दफनालाही तो खिशात होता.

चार आसनांचं विमान, वयानं माझ्याहून मोठं.
जुना ट्रॅक्टर घेताना मारतात तशी
त्याच्याभोवती तातोनं एक फेरी मारली,
टायरला लाथ घालणार, तेवढ्यात मी ओरडले.
तेल मात्र त्यानंच तपासलं.
पट्टी पुसली, पुन्हा बुडवली, नाकाशी नेली.
काही बोलला नाही. म्हणजे पास.

एकतीस वर्षं त्यानं ग्रेडर चालवला,
सस्कॅचवानचे खडीचे रस्ते, ताशी आठ किलोमीटर,
सहा महिने धूळ, सहा महिने बर्फ.
शाळेच्या बसपुढे तोच असायचा, पिवळा दिवा फिरवत,
आणि पोरं म्हणायची, आला तुझा बाप, झाला उशीर.
मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायचे.

धावपट्टीच्या टोकाशी मी यादी मोठ्यानं वाचली.
दारं. पट्टे. इंधन.
दर शब्दाला तो हो म्हणत गेला
चर्चमध्ये पाद्र्यामागे म्हणतात तसा,
हात मांडीवर, समोरच्या सुकाणूपासून लांब,
जणू ते तापलेलं आहे.
चाकं सुटली. हेडफोनमध्ये त्याचा श्वास ऐकू आला;
तिथला मायक्रोफोन श्वासालाही बोलणं समजतो.

दोन हजार फुटांवर त्यानं पहिल्यांदा खाली पाहिलं.
वाटलं, घर शोधेल. दफनभूमी शोधेल,
कांद्यासारख्या घुमटामागे आई आहे तिथे;
मी त्यासाठी नकाशावर एक वळण आखूनच आणलं होतं.
पण तिकडचा रस्ता डांबरी. तो कधी त्याच्याकडे नव्हता.

तातो त्याचे रस्ते बघत होता.
तो बघ सातवा, पाणी अजून उजवीकडेच साचतं.
नव्या पोराला रस्त्याची पाठ काढता येत नाही.
त्या मोरीत कोल्हीण व्याली होती,
तीन आठवडे मी पातं उचलून गेलो.
आणि तिथे तुझी आई थर्मास घेऊन आली
आणि म्हणाली, तू होणार आहेस.
इंजिन चालू होतं. मला दोनदा विचारावं लागलं.

गणिताच्या वहीसारखी सगळी जमीन, चौकोनांपुढे चौकोन,
कापणी झालेले, पिवळे, मधूनच एखादं तळं चांदीचं.
फक्त एका ठिकाणी रस्ता अडखळतो:
नीट उत्तरेला जाता जाता
उगाच पश्चिमेला सरकतो, मग परत सरळ.
गावात म्हणतात, मोजणीदार प्यायलेला होता.
मीही हसत तेच म्हटलं.

नाही, तातो म्हणाला. पृथ्वी गोल आहे.
वर जाऊ तशा रेषा जवळ येतात, चौकोन बसत नाहीत.
दर चोवीस मैलांवर थोडं सरकून घ्यायचं.
दुरुस्तीरेषा म्हणतात तिला.
तुला कुणी सांगितलं?
पात्याला कळतं. वाचलं नंतर.

मग मी म्हटलं, धर.
त्यानं दोन बोटांनी धरलं,
आणि उंचीचा काटा, जो माझ्या हातात सारखा थरथरतो,
गप्प बसला.
चहूकडे आकाश, ना चर ना कठडा,
वळायला काहीही कारण नाही.
दुरुस्तीरेषा आली.
तातोनं डावा पंख जेमतेम झुकवला, सरकला,
मग उजवा,
आणि पुन्हा उत्तर.

मी इंधनाचा काटा पाहिला.
वीस मिनिटं शिल्लक होती परतायची सोडून.
मी काही बोलले नाही.